कड्यावरचं गाव

इटलीला जाऊन आलेल्या मराठी माणसाचा प्रवास साधारण ठरलेला असतो. रोमचं कलोसियम, व्हॅटिकनची रांग, फ्लॉरेन्समधला डेव्हिड, पिसाचा कललेला मनोरा आपणच तळहातावर तोलून धरल्याचा फोटो आणि व्हेनिसच्या नावेचं महागडं भाडं. आठ दिवसांत इटली संपते. त्यात कुणाची चूक नाही. रजा तेवढीच असते आणि टूर कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. पण रोमहून उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर एक गाव आहे, त्याचं नाव या यादीत सहसा नसतं. चिवीता दी बान्योरेजो. 'चिवीता' हा शब्द नगर या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दापासून आलेला. आज या नगरात बारमाही राहणारी माणसं दहा-बाराच उरली आहेत. आपल्याकडे एका मजल्यावरच्या चार ब्लॉकमध्ये याहून जास्त माणसं राहतात.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता आणि मुलगी युरोपात नोकरीला, म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडे गेलो. रोमहून आगगाडीने ओर्व्हिएतो आणि तिथून एसटीसारख्याच, किंचित बऱ्या बसने बान्योरेजो. हे बान्योरेजो म्हणजे साडेतीन हजार वस्तीचं तालुक्यासारखं गाव. नावाचा मूळ अर्थ 'राजाचं स्नान'. लोंबार्ड राजाला इथल्या गरम पाण्याने गुण आला, अशी कथा सांगतात. गावातला मुख्य रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की रस्ता एकदम संपतो आणि पुढे दरी लागते. त्या दरीच्या मधोमध, कुणी पाटावर नैवेद्य मांडून ठेवावा तसं, एका सुट्या सुळक्याच्या माथ्यावर सगळं गाव बसलेलं दिसतं. तपकिरी दगडी घरं, कौलं, मधून वर आलेला देवळाचा मनोरा. घरांच्या भिंती जिथे संपतात तिथेच कडा सुरू होतो, अंगण म्हणून काही शिल्लकच नाही. गावाकडे जायला एकच वाट : दरीवरून गेलेला लांबलचक, अरुंद, पादचारी पूल, शेवटी शेवटी चांगलाच चढा.

पुलाच्या अलीकडे थोडा वेळ आम्ही नुसते उभे होतो. ही म्हणाली, "अहो, पूर्वी ही माणसं दळण कुठून आणत असतील हो?"

ज्यांना एखाद्या गावाचा इतिहास समजून घ्यायचा आहे त्यांनी हा प्रश्न आधी विचारावा असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. राजे, लढाया, तह हे नंतर. पाणी कुठून येत होतं, दळण कुठून येत होतं, मयत कुठून नेत होते?

याचं उत्तर गावाच्या खालच्या जमिनीत आहे, म्हणून आधी त्या जमिनीविषयी. फार पूर्वी या सगळ्या भागावर समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला गाळ म्हणजे इथली करडी-पांढरट चिकणमाती. पुढे जवळच ज्वालामुखी जागे झाले. आज जिथे बोल्सेनाचं विस्तीर्ण सरोवर आहे तो त्याच ज्वालामुखीचा खचलेला प्रदेश. त्यांची राख आणि लाव्हा या मातीवर थरांनी बसला, दबला आणि त्याचा दगड झाला. इटालियन लोक त्याला 'तुफो' म्हणतात. कोकणातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही, कारण आपल्या जांभ्याशी त्याचा स्वभाव बराच जुळतो : हत्याराने सहज कापता येतो, घरासाठी चिरे काढता येतात, तळघर कोरता येतं. म्हणजे वर कठीण दगडाची टोपी आणि खाली मऊ मातीचं अंग. पाऊस येतो, दोन्ही बाजूंच्या ओढ्यांना पाणी चढतं, खालची माती विरघळून वाहून जाते आणि वरचा दगड अधांतरी राहतो. मग त्याला उभी चीर पडते आणि एक दिवस त्याचा भलामोठा तुकडा, त्यावर जे काही असेल त्यासकट, दरीत जातो. शेजारच्या दरीत मातीच्या नुसत्या धारदार सुऱ्यांसारख्या कडा उभ्या आहेत. त्यांना तिकडे 'कालांकी' म्हणतात. त्यांच्या माथ्यावरची दगडाची टोपी केव्हाच गेली आहे. चिवीताच्या डोक्यावर ती अजून आहे.

अशा जागी गाव वसवायची बुद्धी कुणाला झाली? अडीच हजार वर्षांपूर्वी, रोमचा दबदबा वाढण्याआधी, या भागात एट्रुस्कन लोक राहत. त्यांनी अशा टेकड्या हेरून तिथे वस्त्या केल्या. वर हवा चांगली, खालच्या दलदलीतला हिवताप नाही, शत्रू आला तर लांबून दिसतो आणि दगड कोरायला सोपा. शिवाय तेव्हा ही टेकडी आजच्यासारखी एकटी नव्हती. शेजारच्या पठाराशी ती रुंद खांद्याने जोडलेली होती. गाडीवाट होती, शेतं होती. आपण आज पाहतो ते त्या मोठ्या पठाराचं झिजून उरलेलं टोक आहे, हे लक्षात आलं म्हणजे एट्रुस्कनांना वेड्यात काढावंसं वाटत नाही.

त्यांनी कोरलेल्या गुहा अजून आहेत. काही थडग्यांच्या, काही पाण्याच्या टाक्यांच्या. पुढच्या लोकांनी त्यांतून कबुतरांचे खुराडे केले, द्राक्षाची दारू ठेवायची तळघरं केली, तेलाचे घाणे बसवले, गाढवं बांधली. महायुद्धात बॉम्बच्या भीतीने त्यांचाच आसरा घेतला. गावाच्या खालच्या टोकाला टेकडी आरपार कोरून काढलेला एक बोगदा आहे, त्यातून थेट दरीत उतरता येतं. शेतकरी गाढव घेऊन त्याच वाटेने खाली शेतावर जात. तेव्हा दळणाचा प्रश्न सुटला म्हणायचा. पाणी पावसाचं, टाक्यांत साठवलेलं. आपल्या गडांवरच्या टाक्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

गावात शिरायचा दरवाजा 'पोर्ता सान्ता मारिया'. मूळ वाट एट्रुस्कनांनी खडक फोडून केलेली, वरचं बांधकाम मध्ययुगातलं. दाराच्या दोन्ही अंगांना दगडी सिंह आहेत आणि प्रत्येकाच्या पंजात माणसाचं मुंडकं आहे. पहिल्यांदा पाहताना वाटतं, हे गाव भलतंच उग्र असावं. पण गोष्ट उलटी आहे. ओर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की नावाच्या सरदार घराण्याने या गावावर जुलूम केला. पंधराव्या शतकात गावकऱ्यांनी उठाव करून त्यांना हाकललं. सिंह म्हणजे गाव, मुंडकी म्हणजे जुलमी सरदार. आपल्या किल्ल्यांच्या दारांवर शरभाच्या पायाखाली हत्ती दाबलेला दाखवतात, त्याच जातीची ही दरवाजावरची घोषणा. येणाऱ्याने आत पाऊल टाकण्यापूर्वीच समजून असावं.

दरवाजातून आत आलं की डाव्या-उजव्या हाताला मध्ययुग सुरू होतं. दगडी जिने घरांच्या बाहेरून वर गेलेले, जिन्यांच्या प्रत्येक पायरीवर कुंड्या, त्यांत जिरॅनियम, भिंतींवर वेल आणि उन्हात आळसावलेली मांजरं. रस्त्यांना नावाला वळणं आहेत, पण हरवायची सोय नाही, कारण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला पाच-सात मिनिटं पुरतात. दरवाजाजवळच एका श्रीमंत वाड्याची भिंत लागते. रेनेसान्स काळातलं देखणं काम, खिडक्यांच्या चौकटी घडीव. मान वर करून पाहिलं तर खिडक्यांतून निळं आकाश दिसतं. आत घर नाही. ते मागच्या कड्याबरोबर खाली गेलं आणि दर्शनी भिंत तेवढी मागे राहिली.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जखात्यात. त्यामुळे ती भिंत पाहताना माझ्या मनात सौंदर्याचे विचार आले असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला चतुःसीमा आठवली. आपल्याकडे घर गहाण ठेवायचं तर खतात चतुःसीमा लिहावी लागते : पूर्वेस अमक्यांचं घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस तमक्यांची विहीर. या घराची कशी लिहायची? पश्चिमेस गावचा रस्ता, पूर्वेस आकाश? आणि क्षेत्रफळ कोणत्या तारखेचं धरायचं? खरं सांगायचं तर कोणताही शहाणा अधिकारी अशा वाड्यावर दमडी देणार नाही. दर पिढीला इथल्या माणसांनी नेमका हाच हिशेब मांडला असणार आणि म्हणूनच त्यातली बहुतेक निघून गेली असणार.

निघून गेलेल्यांत या गावाचा सर्वांत मोठा सुपुत्र आहे. जोवान्नी दी फिदान्झा हे त्याचं जन्मनाव. जग त्याला संत बोनाव्हेन्तुरा म्हणून ओळखतं. तेराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात तो इथे जन्मला. लहानपणी मरणाच्या दारी गेला असताना आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या कृपेने वाचला, अशी श्रद्धा आहे. गावाखालच्या एका जुन्या एट्रुस्कन गुहेत ते घडलं असं गावकरी मानतात आणि ती गुहा दाखवतातही. पुढे तो पॅरिसला शिकला, शिकवू लागला, १२५७ साली फ्रान्सिस्कन संघाचा प्रमुख झाला, १२७३ मध्ये कार्डिनल झाला आणि १२७४ साली लिओंच्या धर्मपरिषदेच्या काळात वारला. दान्तेने आपल्या महाकाव्याच्या स्वर्गखंडात त्याला बोलतं केलं आहे आणि स्वतःची ओळख करून देताना तो बान्योरेजोचं नाव घेतो. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा मानला जातो. म्हणजे तिकडे एक तत्त्वज्ञ-संत डोळे मिटत होता आणि इकडे गोदाकाठी दुसऱ्याच्या जन्माची वेळ आली होती. यातून काही सिद्ध होत नाही. पण आपल्या इतिहासाच्या तारखा शेजारी मांडल्या की परक्या गावाचा काळ मनात नीट बसतो, एवढाच त्याचा उपयोग.

या संताचं जन्मघर पाहायला यात्रेकरू यायचे. आज ती जागा दाखवतात तेव्हा एक पाटी आणि तिच्यामागे दरी एवढंच दिसतं. घर कड्याबरोबर गेलं. संताच्या हाताचा अवशेष मात्र पलीकडच्या बान्योरेजोच्या चर्चमध्ये जपून ठेवला आहे.

गावाच्या दैवाची तारीख सांगायची तर ती ११ जून १६९५. आपल्याकडे तेव्हा राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. त्या दिवशी बान्योरेजोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. चिवीताची घरं पडली, पठाराचे तुकडे सुटले, गावाला जोडणारी वाट खचली. तोवर चिवीता हेच मुख्य नगर होतं, बिशपची गादी इथे होती, नगरसभा इथे बसत होती आणि पलीकडचं बान्योरेजो म्हणजे तिचं उपनगर होतं. भूकंपानंतर बिशप पलीकडे गेले. नगरसभा गेली. मग वकील, सावकार, दुकानदार गेले. कचेरी हलली की गाव हलतं, हे आपल्याकडे तालुक्याचं ठिकाण बदललेल्या कुठल्याही गावाला विचारावं. मागे राहिले ते ज्यांची शेतं दरीत होती ते शेतकरी आणि ज्यांना जायला जागा नव्हती ते गरीब. म्हणजे आज आपण ज्या मध्ययुगीन सौंदर्याने हरखून जातो ते टिकलं याचं एक कारण असं, की मागे राहिलेल्यांकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसेच नव्हते.

वाट झिजत गेली, मग पूल आला. विसाव्या शतकात बांधलेला दगडी पूल दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मनांनी उडवला. आजचा काँक्रीटचा पूल १९६५ चा. पण पूल होण्याआधीच तरुणांनी रोमचा, मिलानचा रस्ता धरला होता. याच मातीत जन्मलेल्या बोनाव्हेन्तुरा तेक्की (१८९६ ते १९६८) या कादंबरीकाराने चिवीताला 'मरत चाललेलं गाव' म्हटलं. ते नाव इतकं चिकटलं की आज तेच जाहिरातीचं वाक्य झालं आहे. लेखकाने दुःखाने लिहावं आणि पर्यटन खात्याने ते फलकावर रंगवावं! स्वतः चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस म्हणून मला तेक्कींचा हेवा वाटावा की त्यांची कीव यावी, हे मी ठरवू शकलो नाही.

तेक्की लिहीत होते त्याच साठच्या दशकात एक परकी बाई या गावाच्या प्रेमात पडली. आस्त्रा झारिना हे तिचं नाव. लाटव्हियात जन्मलेली, अमेरिकेत शिकलेली वास्तुतज्ज्ञ. अमेरिकन अकादमीचं वास्तुकलेतलं 'रोम प्राइझ' मिळवणारी ती पहिली स्त्री. पडकं घर विकत घेऊन तिने ते जुन्याच पद्धतीने, जुन्याच दगडात दुरुस्त केलं. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना ती दरवर्षी इथे आणू लागली. चर्चच्या चौकात बसून त्यांनी घरं मोजायची, नकाशे काढायचे, म्हाताऱ्या बायकांकडून स्वयंपाक शिकायचा आणि जुनी भिंत कशी बोलते ते ऐकायचं. २००८ मध्ये ती वारली. तिच्या पाठोपाठ रोमचे आणि परदेशचे हौशी लोक आले, घरं घेतली, सुट्टीत राहू लागले. त्यामुळे घरं वाचली. त्यांतल्या बऱ्याच घरांच्या खिडक्या मात्र वर्षाचे दहा महिने बंद असतात. गणपतीला आणि मे महिन्यात उघडणारी कोकणातली घरं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तो बंद खिडक्यांचा बोळ तुम्हाला दिसेल.

आता पैशांकडे येतो. २०१३ साली बान्योरेजोच्या नगरपालिकेने चिवीतात यायला तिकीट लावलं. दीड युरो. इटलीत गावात शिरण्याचं तिकीट ही गोष्ट तेव्हा नवी होती. वर्तमानपत्रांनी थट्टा केली. व्हेनिसने दिवसापुरतं येणाऱ्यांवर असा आकार लावला तो त्यानंतर अकरा वर्षांनी, २०२४ मध्ये. चिवीतात मात्र उलटंच झालं. तिकीट आहे म्हणजे आत काहीतरी पाहण्यासारखं असणार, असा लोकांनी अर्थ काढला. २०१० च्या आसपास वर्षाला चाळीस हजारांच्या घरात माणसं येत. ते दशक संपता संपता हा आकडा आठ लाखांच्या पुढे गेला. तिकीटही वाढत पाच युरोंवर गेलं. अगदी सरासरी तीन युरो धरले तरी चोवीस लाख युरो होतात आणि साडेतीन हजार वस्तीच्या नगरपालिकेला ती रक्कम म्हणजे लॉटरीच. या उत्पन्नावर नगरपालिकेने रहिवाशांचे स्थानिक कर माफ केले, ती बातमी जगभर छापून आली. आजूबाजूला खानावळी, राहण्याच्या खोल्या, दुकानं उभी राहिली. जिथून मुलं कामासाठी निघून जात होती तिथे काम मिळू लागलं.

बँकेच्या भाषेत बोलायचं तर बुडीत खातं पुन्हा चालू झालं आणि व्याजासह वसुली होऊ लागली. मी या तिकिटाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. कड्याला आधार द्यायला पैसा लागतो आणि तो केवळ हळहळून उभा राहत नाही. पण दुपारी अकरा ते चार या वेळात तो चौक पाहिला की या व्यवहाराची दुसरी बाजूही दिसते. बसमधून उतरलेली माणसं पूल चढून येतात, सिंहांसमोर एक, आकाशाच्या खिडक्यांसमोर एक आणि चौकात एक असे फोटो काढतात, ब्रुस्केत्ता खातात (लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलेला जाड पाव, लसूण घासलेला, वर ऑलिव्हचं तेल, भाकरीला तेल-मीठ लावून खाल्लेल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको) आणि तासाभरात उतरतात. ज्या दाराशी कुणी म्हातारी शेंगा सोलत बसली असेल तिथे आज स्मरणवस्तूंचं दुकान आहे. किराणा, डाकघर, शाळा यांतलं काही चिवीतात नाही. इथे उरलेल्या दहा-बारा जणांनी काड्यापेटी आणायची तर पूल उतरून पलीकडे जायचं. गाव पाहायला लाखो येतात आणि गावात राहायला कुणी येत नाही, यावर कुठल्या दराने कर लावायचा?

करोनाच्या साथीत २०२० च्या वसंतात इटली बंद झाली तेव्हा पुलावर कुणीच नव्हतं. तिकीट खिडकी बंद, खानावळी बंद. ज्या उत्पन्नावर सगळा डोलारा उभा, ते एका रात्रीत शून्य. एकाच गिऱ्हाइकावर सगळा धंदा असलेल्या कर्जदाराला आम्ही नेहमी जे बजावत असू, ते त्या नगरपालिकेला त्या महिन्यांत कुणी बजावण्याची गरज उरली नसेल.

सामान वर कसं येतं याचं कुतूहल मात्र माझं फिटलं आणि तिथे मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पूर्वी गाढवं आणि खेचरं होती. आता पुलावर मोठं वाहन चालत नाही, तेव्हा तीनचाकी छोटी टेंपोरिक्षा फळांची खोकी, पाण्याच्या बाटल्या, सिमेंटच्या पिशव्या घेऊन घरघरत वर चढते. तिचं नाव 'आपे'. इटालियनमध्ये आपे म्हणजे मधमाशी. हीच आपे आपल्या बारामतीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनते आणि महाराष्ट्रातल्या वड्यापाड्यांवर माणसं कोंबून धावते. चढावर गीअर बदलतानाचा तिचा तो ओळखीचा आवाज ऐकून ही हसली आणि म्हणाली, "बघा, आली आपली सहा आसनी!"

गावात एक संग्रहालय आहे, पण ते तलवारींचं नाही. २०१२ पासून एका जुन्या वाड्यात चाललेलं हे संग्रहालय भूगर्भाचं आणि दरडींचं आहे. टेकडी कशी झिजली, कुठल्या साली कुठला भाग पडला, आज कुठे चीर रुंदावते आहे, ती कशी मोजतात, हे सगळं तिथे साध्या आकृत्यांनी मांडलं आहे. कड्याला पोलादी दांड्यांनी आतल्या खडकाशी शिवून टाकलं आहे. खालच्या मातीत खोल विहिरीसारखे खड्डे घेऊन ती बांधून ठेवली आहे, पावसाचं पाणी मुरू नये म्हणून वाटा काढून दिल्या आहेत. तिथले अभियंते टेकडी थांबवल्याचा दावा करत नाहीत. तिचा वेग कमी केला, एवढंच म्हणतात. जगातल्या धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या २००६ सालच्या यादीत चिवीताचं नाव होतं.

ते संग्रहालय पाहताना मात्र मला पर्यटकाच्या मनाने पाहता येईना. २०१४ च्या जुलैत माळीण, २०२१ च्या जुलैत तळीये, २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. आपल्या या वस्त्यांवर डोंगर रात्रीच्या किंवा पहाटेच्या पावसात आला, किंवा भरदिवसा आला, पण पूर्वसूचना देऊन आला नाही. चिवीता शतकानुशतकं घर-घर करून पडत आलं आणि माणसांना पलीकडे जायला अवधी मिळत गेला. इर्शाळवाडीतल्या ठाकरांना तो एका रात्रीतही मिळाला नाही. त्यांच्या वाडीला ना सिंहांचा दरवाजा होता, ना कुणी कादंबरीकार. आपल्याकडच्या डोंगरांच्या चिरा मोजणारी आणि त्या गावकऱ्यांना समजेल अशा मराठीत भिंतीवर लावणारी एखादी खोली प्रत्येक तालुक्यात असावी, असं तिथे उभं असताना वाटलं. तिला वाडा लागत नाही, चावडीची एक भिंत पुरेल.

संध्याकाळी साडेपाचनंतर शेवटच्या बसगाड्यांची माणसं उतरून गेली. चिवीता पाहायचं तर या वेळी. चौकात फरसबंदी नाही, साधी खडीची जमीन आहे. त्यावर दिवसभर उमटलेले बुटांचे ठसे तेवढे राहतात. समोर सान दोनातोचं चर्च, त्याच्यापुढे प्राचीन खांबांचे तुटके बुंधे बसायला ठेवल्यासारखे. असं म्हणतात की जिथे आज चर्च आहे तिथे पूर्वी रोमनांचं देऊळ होतं आणि त्याआधी एट्रुस्कनांचं. जागा तीच, देव बदलत गेले. पंढरपूरच्या आणि कोल्हापूरच्या लोकांना हेही नवं वाटू नये. याच चौकात जूनच्या पहिल्या आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी गाढवांची शर्यत होते. गाढवं चौकाला गोल फेऱ्या मारतात, निदान मारावी अशी अपेक्षा असते. काही मध्येच उभी राहतात, काही प्रेक्षकांत शिरतात. बाहेर राहायला गेलेली कुटुंबं त्या दिवशी परत येतात, मोहल्ल्या-मोहल्ल्यांचे रंग बांधतात आणि आपल्या गाढवासाठी घसा बसेपर्यंत ओरडतात. आपल्या जत्रेतल्या शंकरपटाशी तुलना केली तर वेग अगदीच कमी, पण ईर्ष्या तेवढीच.

चर्चमध्ये लाकडी क्रूसावरचा ख्रिस्त आहे, पंधराव्या शतकातला, फार मायेने कोरलेला. गुड फ्रायडेला त्याला क्रूसावरून उतरवून तिरडीवर ठेवतात आणि मिरवणुकीने पूल ओलांडून पलीकडे बान्योरेजोत नेतात. तिथल्या रस्त्यांतून पोशाख केलेल्या माणसांची मोठी मिरवणूक निघते. पण एक अट आहे आणि ती दोन्ही गावांना तोंडपाठ आहे. मध्यरात्रीपूर्वी मूर्ती चिवीतात परतली पाहिजे. घड्याळात बाराचे ठोके पडले आणि ती पलीकडेच राहिली, तर ती कायमची बान्योरेजोची. बिशप गेले, नगरसभा गेली, संताचं घर गेलं, त्याच्या हाताचा अवशेषही पलीकडेच आहे. हा ख्रिस्त मात्र चिवीताने अजून सोडलेला नाही. उरलेले दहा-बारा जण आणि खास त्या रात्रीसाठी आलेली त्यांची मुलं-नातवंडं खांदे देतात आणि पुलाचा तो शेवटचा चढ अंधारात, घाईघाईने, घड्याळाकडे पाहत चढतात.